जुन्या ख्रिस्ती गीतांचे भावबल

आपल्या धर्मग्रामांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. जुनी मराठी भजने व गीते उपासनेत ठेवावीत, की त्यांची जागा नव्या, सोप्या आणि वेगवान गीतांना द्यावी? तरुणांना नवी गीते आवडतात, वृद्धांना जुनी सोडवत नाहीत आणि मध्ये धर्मगुरू व प्रचारक यांची ओढाताण होते. बहुधा हा प्रश्न आवडीनिवडीचा समजला जातो आणि ज्या बाजूचा आवाज मोठा, तिच्या मताप्रमाणे सुटतो. परंतु त्याच्या मुळाशी ईशज्ञानाचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. गीत गाताना अंतःकरण हेलावते, कंठ दाटून येतो, डोळे भरतात. या अनुभवाचे श्रद्धेच्या जीवनात स्थान काय? तो देवाच्या कृपेचा मार्ग आहे, की केवळ सुरांनी मनावर केलेला परिणाम आहे? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न मला ग्रंथांतून सुचलेला नाही. आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या दक्षिणेस, मराठी बोलणाऱ्या काही कुटुंबांच्या वस्तीत मी सेवा करीत असता, तेथील रविवारच्या उपासनेतून जुनी भजने मीच कमी केली होती. ती लांब आहेत, त्यांतील शब्द मुलांना कळत नाहीत आणि म्हाताऱ्या स्त्रिया ती गाताना रडतात, असे माझे तीन आक्षेप होते. त्यांतला तिसरा खरा होता. सेमिनरीतील शिक्षणाने मला विचार करावयास शिकविले होते; रडणे हे समज अपुरी असल्याचे लक्षण आहे, हा निष्कर्ष मात्र मी माझ्याच पदरचा घातला होता.

पुढे त्याच वस्तीत एका मजूर कुटुंबातील तरुण मुलगा अपघाताने गेला. त्याची आई तीन दिवस बोलली नाही, रडली नाही, तिने नीट अन्नही घेतले नाही. मी वचन वाचले, पुनरुत्थानाच्या आशेविषयी बोललो. जे बोललो ते चुकीचे नव्हते, पण ते तिच्यापर्यंत पोहोचले नाही. तिसऱ्या दिवशीची प्रार्थना संपल्यावर शेजारच्या दोन वृद्ध स्त्रियांनी मला न विचारताच एक जुने भजन धरले. ध्रुपद दुसऱ्यांदा आले तेव्हा त्या आईचे ओठ हलू लागले. तिसऱ्यांदा ती गाऊ लागली आणि गाता गाता रडू लागली. माझ्या प्रवचनात जो विश्वास होता, तोच त्या भजनातही होता. परंतु माझे वाक्य तिला दुसऱ्याकडून ऐकावयाचे होते. भजनातले वाक्य लहानपणापासून तिचे स्वतःचे होते. त्या दिवसापासून माझे तिन्ही आक्षेप मला पुन्हा तपासावे लागले.

संत ऑगस्टीन यांची साक्ष

गीताच्या भावबलाविषयी ख्रिस्तसभेत सर्वांत प्रामाणिक साक्ष संत ऑगस्टीन यांची आहे. मिलान येथे ३८६ च्या सुमारास बिशप अम्ब्रोझ यांच्यावर राजमाता जस्टिना हिच्या पक्षाचे संकट आले. तेव्हा भाविक लोक मंदिरात रात्रंदिवस जागत बसले, आणि त्यांचे धैर्य खचू नये म्हणून पूर्वेकडील मंडळ्यांच्या पद्धतीप्रमाणे स्तोत्रे व गीते सर्वांनी मिळून गावीत अशी चाल पडली. म्हणजे पश्चिमेकडे सामुदायिक गीतगायनाचा प्रसार झाला तो शांत दिवसांत नव्हे, भयाच्या रात्री. ३८७ च्या पुनरुत्थान सणाला बाप्तिस्मा घेतल्यानंतर ती गीते ऐकून आपण किती रडलो आणि त्या अश्रूंनी आपले कसे भले झाले, हे ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या नवव्या भागात लिहून ठेवले आहे.

त्याच भागात पुढे मातेच्या मृत्यूचा प्रसंग येतो. ऑस्तिया येथे मोनिका निवर्तली. ऑगस्टीन यांनी अश्रू आवरून धरले. दफनाच्या वेळीही ते रडले नाहीत. स्नान केले, तरी दुःख हलले नाही. झोपून उठल्यावर एकांतात त्यांना अम्ब्रोझ यांचे एक सायंगीत आठवले, आईची आठवण दाटून आली आणि अडवून धरलेले अश्रू मोकळे झाले. जो पुरुष आपल्या काळातील मोठा वक्ता होता, ज्याच्यापाशी शब्दांची कधीच उणीव नव्हती, त्यालाही त्या घटकेला दुसऱ्याचे, पाठ असलेले गीत आधाराला घ्यावे लागले.

असे असूनही हेच ऑगस्टीन दहाव्या भागात गीताविषयी भीती व्यक्त करतात. गायिलेल्या अर्थापेक्षा गाण्याच्या सुरानेच मन अधिक हेलावले, तर ते दोष मानतात आणि अशा वेळी गाणे ऐकलेच नसते तर बरे, असे त्यांना वाटते. अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस स्तोत्रे जवळजवळ बोलल्यासारखीच म्हणवून घेत, त्याचाही ते उल्लेख करतात. शेवटी मात्र ते गायनाच्या बाजूने कौल देतात. कारण दुर्बल मनाला श्रवणाच्या आनंदातून भक्तीकडे उचलले जाण्याची गरज असते.

येथे एका प्रचलित वचनाचा खुलासा करणे उचित होईल. जो गातो तो दुप्पट प्रार्थना करतो, हे वाक्य आपण ऑगस्टीन यांच्या नावावर सहज सांगतो. त्या शब्दांत ते त्यांच्या ग्रंथांत आढळत नाही. स्तोत्र ७३ (जुन्या क्रमाने ७२) वरील विवेचनात त्यांनी जे म्हटले आहे त्याचा आशय असा, की स्तुतिगीत गाणारा केवळ स्तुती करीत नाही. तो आनंदाने स्तुती करतो आणि ज्याच्याविषयी गातो त्याच्यावर प्रेमही करतो. हा मूळ विचार त्या प्रचलित वाक्याहून खोल आहे. गाण्याने प्रार्थनेचे माप वाढत नाही, तिच्यात प्रेम मिसळते.

संत थॉमस अक्वायनस यांनीही आपल्या महाग्रंथात देवाच्या स्तुतीत गायन असावे काय, हा प्रश्न घेतला आहे. ऐकणाऱ्यास काही वेळा शब्दांचा अर्थ कळत नाही, या आक्षेपाला ते उत्तर देतात की, काय गायिले जात आहे हे कळले नाही तरी कशासाठी गायिले जात आहे हे त्याला कळते, आणि भक्ती जागृत होण्यास तेवढे पुरते. माझा दुसरा आक्षेप येथेच दुबळा झाला.

भावना आणि भाव

आपल्या भाषेत या विषयाला उपयोगी पडणारा एक भेद आहे. भावना आणि भाव हे शब्द एकाच धातूपासून आलेले असले, तरी भक्तिपरंपरेत त्यांचे वजन सारखे नाही. भावना येते आणि जाते. भाव हा मनाचा ठाव आहे. ज्याच्या ठायी तो असतो त्याला आपण भाविक म्हणतो. भाविक म्हणजे हळवा नव्हे, तर श्रद्धा ठेवणारा. जुन्या गीताचे सामर्थ्य ओळखावयाचे, तर ते किती भावना उसळविते हे पाहण्यापेक्षा ते कोणता भाव वर्षानुवर्षे घडविते हे पाहिले पाहिजे. अश्रू हा वरचा पाझर आहे. झरा खाली, पुष्कळ आधीपासून भरत आलेला असतो.

पवित्र शास्त्र याला दुजोरा देते. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि त्याचे शिष्य गीत गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे गेले, असे मार्क १४:२६ मध्ये वाचावयास मिळते. वल्हांडणाच्या भोजनाशी जोडलेली हालेल स्तोत्रे (११३ ते ११८) ही ती असावीत, असे भाष्यकार सामान्यतः मानतात. म्हणजे ती येशूच्या बालपणापासूनची ओळखीची गीते. आणि वधस्तंभावर, वेदनेच्या पराकोटीला, प्रभूने स्तोत्र २२ च्या आरंभीचे शब्द उच्चारले (मत्तय २७:४६). देवाच्या पुत्राने त्या घटकेला नवे शब्द रचले नाहीत; पूर्वजांचे विलापगीत आपले म्हणून उच्चारले. पाठ असलेले गीत दुःखात ओठांवर येणे ही जर उथळ भावनाशीलता असती, तर प्रभूने आपल्याला असे उदाहरण घालून दिले नसते.

भावबल कोठून येते?

माझ्या मते या बलाचे तीन स्रोत आहेत: शब्द, चाल आणि सहवास.

शब्दाचे महत्त्व मराठी ख्रिस्ती साहित्याच्या पहिल्या पर्वातच ओळखले गेले होते. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. जुनी पुराणे सुटली, त्यांच्या जागी वाचावयास काही हवे, ही नवख्रिस्ती लोकांची गरज त्यांनी जाणली आणि सुमारे ११,००० ओव्यांत तारणाचा इतिहास सांगितला. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड असतो. त्यामुळे प्रत्येक ओवीच्या शेवटी श्वासाला व मनाला एक विसावा मिळतो. हे काव्य मोठ्याने म्हणावयाचे आणि ऐकावयाचे होते. शिकविलेले विसरले तरी गुणगुणलेले राहते, हे धर्मशिक्षणाचे रहस्य स्टीफन्स यांना उमगले होते.

चालीचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात ऐरणीवर आला. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले. पुढे मिशनऱ्यांनी पाश्चात्त्य गीतांची मराठी रूपांतरे केली आणि ती मूळच्या चालींत बसविली. त्यांच्या निष्ठेविषयी शंका नाही. अडचण छंदाची होती. इंग्रजी पद्य शब्दातील आघातावर चालते, तर मराठी छंद अक्षरसंख्येवर किंवा लघु-गुरूंच्या मात्रांवर चालतो. त्यामुळे परकी चाल घेतली की तिचा ठोका पुष्कळदा शब्दाच्या प्रत्ययावर पडतो आणि मुख्य अक्षर निसटून जाते. ओठ गातात, पण कान अर्थ पकडीत नाही.

येथे भजन व कीर्तन यांची देशी वाट पुढे आली. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन व गीते यांची मोठी सेवा केली. त्यानंतर नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी या प्रवाहाला पूर्णत्व दिले. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक पुढे अहमदनगरला राहिले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, या अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांच्या रचना ‘उपासना संगीत’ या संग्रहाद्वारे मराठी मंडळ्यांत रुजल्या. पुण्यात काम केलेले स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकोल यांनी त्यांतील काही इंग्रजीत नेल्या. पूर्वी गीते तिकडून इकडे येत असत. आता इकडून तिकडे जाऊ लागली.

अभंगाची रचना पाहिली म्हणजे त्याचे बल समजते. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा शेवटचा चरण असतो. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. वाक्ये लहान, शब्द घरातले. पुढचा म्हणतो, मागचे झेलतात; म्हणून निरक्षरालाही पुस्तक लागत नाही. ध्रुपद पुनःपुन्हा येते, परंतु प्रत्येक कडव्यानंतर त्याच शब्दांवर नवा प्रकाश पडतो. पहिल्यांदा ती माहिती असते, दुसऱ्यांदा प्रार्थना होते, तिसऱ्यांदा शरणागती. त्या शोकाकुल आईला तिसऱ्या ध्रुपदाला कंठ फुटला, यात नवल नव्हते. लांबी हा दोष आहे, हा माझा पहिला आक्षेप त्यामुळे पडला. त्या भजनाला तेवढा वेळ हवाच असतो.

परंतु देशी चाल एवढेच कारण मानले तर आपली फसगत होईल. परक्या चालीची काही रूपांतरित गीतेही आपल्या वृद्धांना तितकीच प्रिय आहेत. छंदाच्या दृष्टीने ती सदोष असतील. तरीही ती आज्जींनी पाळण्यापाशी म्हटलेली, लग्नात गायिलेली, दफनभूमीत ऐकलेली आहेत. हा तिसरा स्रोत, सहवास. पन्नास वर्षांच्या सोबतीने गीतात माणसे येऊन राहतात. एक कडवे म्हटले की आई, वडील, वस्तीतील गेलेले प्रचारक, सर्व त्या स्वरात सामील होतात. संतजनांचा संबंध हे जे विश्वासाचे तत्त्व आपण श्रद्धांगीकारात म्हणतो, त्याचा सामान्य भाविकाला येणारा सर्वांत जवळचा अनुभव बहुधा हाच असतो.

सीमाभागातील विशेष प्रश्न

आमच्या सीमाभागात या विषयाला आणखी एक बाजू आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आला. २०१६ मध्ये त्याचेही चार जिल्हे झाले. सीमा बदलल्या, परंतु नदीच्या दोन्ही तीरांवरील घरांत मराठी राहिली. तिच्या शेजारी तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू याही भाषा आहेत. ख्रिस्तसभेचीही हीच कथा आहे. आदिलाबादचा धर्मप्रांत १९९९ मध्ये चांदा धर्मप्रांतातून वेगळा झाला. दक्षिणेकडून आलेले धर्मगुरू, तेलुगू भाविक आणि मराठी कुटुंबे येथे एका वेदीभोवती येतात.

मुले आता बहुधा तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांची मराठी बोलण्यापुरती असते. लिपीही काहींना परकी वाटते. अशा घरांत आजी आणि नातू यांच्यामध्ये श्रद्धेची समाईक भाषा उरते ती पुष्कळदा भजनापुरतीच. ते आपण घाईने काढून घेतले, तर आपण एक गाणे बदलले असे समजू. प्रत्यक्षात आजीने नातवाला श्रद्धा देण्याची एक वाट बंद झालेली असेल. याचा अर्थ तेलुगू गीतांना विरोध करावा असा नाही. पुरुषोत्तम चौधरी (१८०३–१८९०) यांच्यासारख्या कवींनी तेलुगू ख्रिस्ती कीर्तनांची जी परंपरा घडविली, ती आपल्या भजनपरंपरेची सख्खी बहीणच आहे. दोन्ही घरांत गाण्यानेच श्रद्धा वाढली आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात लोकांच्या धार्मिक गीतांचे जतन करण्यास (परिच्छेद ११८) आणि मिशन प्रदेशांतील संगीतपरंपरांना योग्य मान देण्यास (परिच्छेद ११९) सांगितले आहे. त्याच संविधानात ११२ व्या परिच्छेदात एक कसोटीही दिली आहे: उपासनेच्या कृतीशी संगीत जितके निकट जोडलेले, तितके ते पवित्र. या कसोटीला जुने गीतही उतरले पाहिजे आणि नवेही.

सावधानता

भावबल हे बल आहे, म्हणूनच त्याचा दुरुपयोगही संभवतो. प्रवचनाखाली पेटीचे मंद सूर सोडून किंवा ध्वनिवर्धकाचा आवाज चढवून अश्रू काढता येतात. परंतु मागणीप्रमाणे आणलेले अश्रू हे देवाच्या आत्म्याचे काम समजणे धोक्याचे आहे. आत्म्याने गावे आणि बुद्धीनेही गावे, असे पौल १ करिंथ १४:१५ मध्ये सांगतो. दुसरा धोका स्मरणरंजनाचा. जुने ते सर्व चांगले नाही. ज्या गीतात ख्रिस्ताचे दुःख आहे पण पुनरुत्थान नाही, किंवा केवळ स्वर्गाची ओढ आहे पण शेजारी नाही, ते कितीही प्रिय असले तरी अपुरे आहे. तिसरा धोका आमोस संदेष्ट्याने ओळखला होता: न्याय नसलेल्या लोकांच्या गीतांचा गोंगाट देवाला नकोसा होतो (आमोस ५:२३-२४). गीताने हेलावलेले मन उठून कामाला लागले की नाही, ही शेवटची परीक्षा.

काही सूचना

धर्मगुरू व प्रचारक बंधुभगिनींपुढे अनुभवातून आलेल्या काही सूचना नम्रपणे ठेवतो.

१) प्रत्येक धर्मग्रामाने दहा-बारा जुनी गीते निश्चित करावीत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात महिन्याला एक याप्रमाणे मुलांकडून पाठ करून घ्यावीत. कठीण शब्दांचा अर्थ व गीतामागील शास्त्रवचन आधी सांगावे. ज्यांना लिपी येत नाही त्यांना तोंडीच शिकवावे. गीते मुळात तशीच पसरली आहेत.

२) वेळ वाचविण्यासाठी मधली कडवी गाळू नयेत. पुष्कळ गीतांत दुःखाकडून आशेकडे वळण शेवटच्या कडव्यांत असते. तेच गाळले तर आपण लोकांना अर्ध्या वाटेवर सोडतो.

३) आजाऱ्याच्या खाटेपाशी व शोकाच्या घरी वाद्यांचा आग्रह धरू नये. सूर खालचा असावा, घरातल्या माणसाला ज्ञात असलेले गीत निवडावे आणि गीतानंतर थोडा वेळ शांत राहावे. बोलणे क्षीण झालेल्या वृद्धाच्या ओठांवरही लहानपणचे गीत उमटते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

४) वृद्धांच्या तोंडच्या चाली मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. पुस्तकात शब्द राहतात. चाल मात्र गाणाऱ्याबरोबर जाते.

५) मिश्र भाषेच्या उपासनेत एक कडवे मराठीत, एक तेलुगूत आणि ध्रुपद सर्वांनी मिळून, असा प्रयोग करावा. नव्या गीतांना दार बंद करू नये. आज जुनी असलेली गीते टिळकांच्या काळी नवीच होती. नव्या गीताला शब्द, चाल आणि उपासनेशी नाते यांची कसोटी लावावी. सहवास काळाच्या ओघात आपोआप मिळेल.

शेवटी त्या वस्तीकडे पुन्हा एकदा वळतो. ज्या दोन वृद्ध स्त्रियांनी भजन धरले होते, त्या भजन संपल्यावर घरी गेल्या नाहीत. एकीने चूल पेटविली, दुसरीने पीठ मळले. त्या रात्री त्या आईने भाकरी खाल्ली. पुढील रविवारी मी उपासनेत ते भजन पुन्हा ठेवले. ते गाताना काही जण रडले. मी थांबविले नाही, आणि मलाही शेवटचे कडवे नीट म्हणता आले नाही.